चार बोटं उंच उंबरठा

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. तयार होऊन आलेला नग हातात घ्यायचा, मापायचा, आणि केसभर फरक निघाला तरी त्यावर लाल ठिपका देऊन बाजूला टाकायचा, हे माझं काम. मशीनवरची माणसं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरंच वाटतं. अशा या माणसाने आयुष्यात एकदाच घर घेतलं आणि ताबा घेताना एकही दार लावून बघितलं नाही.

त्याला कारण होतं. मुहूर्त होता. बिल्डरच्या माणसांनी सगळी दारं सताड उघडी ठेवली होती, प्रत्येकाला झेंडूची माळ घातली होती आणि दार हलू नये म्हणून खाली लाकडाची पाचर मारली होती. मी त्या पाचरी बघितल्या आणि बायकोला म्हणालो, बघ, माणसं किती काळजी घेतात, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून केवढी व्यवस्था. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पेढे, त्यामुळे चाव्या बायकोने घेतल्या. फोटोत मी असा उभा आहे की जणू इमारत मीच बांधली.

माळा सुकल्यावर मी त्या काढल्या, पाचरी काढल्या आणि दारं लावायला गेलो. मुख्य दार खाली घासत होतं आणि वर त्याच्या चौकटीत करंगळी जाईल एवढी फट होती. बेडरूमचं दार चौकटीपर्यंत येऊन रुसलेल्या जावयासारखं थांबायचं. दुसऱ्या खोलीचं दार लागायचं, पण सोडलं की हळूहळू आपणहून उघडायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला कोरडा पाषाण कसा असतो ते मला त्या दिवशी आरशात बघायला मिळालं. आरसाही तिरका बसवला होता.

आता हे घर घेतलं कशासाठी ते सांगायला हवं. घेतलं आईसाठी. आई उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या बराकीतल्या एका खोलीत एकटी राहायची. वडील शहाडच्या कारखान्यात कामाला लागले तेव्हापासूनची ती भाड्याची खोली. वडील गेल्यावर आम्ही तिला अंबरनाथला आमच्याकडे ये म्हणून खूप विनवलं. पण आम्हीही भाड्याच्याच घरात. भाड्याच्या घरातून उठून भाड्याच्या घरात कशाला जायचं, हा तिचा प्रश्न असायचा. मग तिचे गुडघे गेले. एकदा मोरीत पाय घसरला आणि शेजारच्या सिंधी काकूंना आवाज जाईपर्यंत ती तशीच पडून राहिली. त्यानंतर कामावर असताना फोन वाजला की हातातला नग तसाच ठेवून मी आधी तो घ्यायचो. तिने त्या खोलीत एकटीने आणखी एक पावसाळा काढू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून बदलापूरला शिरगावात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत हे घर.

ताबा मिळाल्यावर मी तिला घर दाखवायला आणलं. तेव्हा ती काठी घेऊन चालायची. तिने ओटा बघितला, नळ सोडून बघितला, स्वतःच्या खोलीतल्या खिडकीतून दिसणारे डोंगर बघितले. निघताना मात्र मुख्य दारात थांबली आणि खाली बघत राहिली.

"उंबरठा कुठाय?" तिने विचारलं.

मी तिला समजावलं की हल्ली नव्या इमारतींत उंबरठा देत नाहीत, फरशी सलग असते, झाडायला पुसायला सोपं जातं. तिने काठी उचलून चौकटीची एक उभी बाजू दाखवली, मग दुसरी, मग वरची.

"आणि चौथी बाजू कुणी नेली?"

मी हसलो, ती हसली नाही. परतताना रिक्षात तिने एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. लग्न होऊन ती बराकीत आली तेव्हा तिथे दाराला उंबरठाच नव्हता, आजही नाही. बाहेरची गल्ली आणि आतली खोली एकाच पातळीवर. माप ओलांडायचं तर कुठे ठेवायचं हे कुणाला कळेना, म्हणून एका बाईने ते सरळ फरशीवर ठेवलं. आई म्हणाली, मी घरात कधी शिरले आणि गल्ली कधी संपली ते मला कळलंच नाही. जन्मभर पावसात गटाराचं पाणी यायचं ते विचारत नव्हतं आणि माणसंही विचारत नव्हती. तिची अट एकच होती. उंबरठा बसव, सागाचा, चार बोटं उंच, मग येते. चार बोटांहून कमी असला तर त्याला उंबरठा म्हणत नाहीत, पट्टी म्हणतात, हेही तिने सांगून टाकलं.

मी लगेच हो म्हणालो. एक उंबरठा बसवायचा तो काय. पण आईला आणायचं तर घर निर्दोष असायला हवं, असं माझ्या डोक्यात बसलं, आणि तिथे माझ्यातला तपासनीस जागा झाला. ताबा घेताना झोपलेला होता तो नेमका आता उठला. मी कारखान्यातून लेव्हल पट्टी आणि काटकोन तपासायचा गुण्या आणला. फरशीवर नाण्याने टकटक करत गुडघ्यांवर रांगलो. पोकळ आवाज आला की खूण करायची, पण नव्या घरात रंगाचा ठिपका कसा द्यायचा? म्हणून बायकोच्या कपाटातली लाल टिकल्यांची पाकिटं घेतली. जिथे दोष तिथे टिकली. भिंतीवर पुट्टीचा उंचवटा, टिकली. चौकटीच्या कोपऱ्यात भेग, टिकली. बिजागरीचा स्क्रू तिरका, टिकली. संध्याकाळपर्यंत घर गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, तुम्हाला या घरात राहायचंय की हे परत पाठवायचंय?"

या टिकल्या दाखवायला मी साइटच्या सुपरवायझरला बोलावलं. हा तिशीतला, कायम घाईत असणारा आणि कधीही न रागावणारा माणूस. न रागावणाऱ्या माणसाशी भांडणं फार कठीण. मी एकेका टिकलीपाशी उभा राहून भाषण करायचो, तो मान डोलवायचा आणि शेवटी दर वेळी तेच म्हणायचा. "साहेब, टेन्शन कशाला घेता? नवीन लाकूड आहे. एक पावसाळा जाऊ द्या, सगळं सेट होतं." भिंतीला भेग, एक पावसाळा. खिडकी अडकते, एक पावसाळा. मी त्याला म्हटलं, चौकट ओळंब्यात नाही, ती पावसाळ्याने सरळ कशी होईल? तो म्हणाला, साहेब, चौकट सरळच आहे, थोडी भिंत तिकडे गेलीय. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी आजवर दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो, या माणसाने तर अख्खं अंगणच माझ्या हातात दिलं.

बाथरूमचं दार मात्र त्याने दुरुस्त करून दिलं, आणि त्याचा परिणाम मला भोगावा लागला. दार आता छान लागतं असं त्याने फोनवर सांगितलं. रविवारी मी एकटाच घरी गेलो. तपासणी म्हणजे तपासणी, म्हणून आत जाऊन दार ओढून घेतलं आणि कडी घातली. दार खरोखरच छान लागलं. कडीही सुटली. पण दार काही सुटेना. ग्रॅनाइटच्या चौकटीत त्याने ते असं पक्कं बसवलं होतं की ओढायला धरावं असं आतून काही उरलंच नव्हतं. फोन हॉलमधल्या खिडकीवर वाजत होता. मी वरच्या झरोक्यातून "कुणी आहे का" असं ओरडलो. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं कुणी भाजीवाला आहे, आणि त्यांनी खालूनच आज काही नको म्हणून सांगितलं. शेवटी वॉचमनने उघड्याच राहिलेल्या मुख्य दारातून येऊन बाहेरून खांदा मारला आणि मी आतल्या बादलीवर बसलेला सापडलो. समोर भिंतीवर माझ्याच हातची एक टिकली होती. फोनवर आई होती, विचारत होती, उंबरठा कुठवर आला?

उंबरठ्याला बिल्डरने हात वर केले. ताब्यानंतर ग्राहकाला काही बदल करायचा असेल तर तो ग्राहकाचा प्रश्न. मग मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून एक सुतार धरून आणला. सुतार मोठा आत्मविश्वासाचा. बाजारात अर्ध्या कपाटांना माझाच हात लागलाय, असं तो सांगायचा, आणि पुढे त्याचं काम बघून मला ते पटलं. लाकूड निवडायला मात्र मी स्वतः वखारीत गेलो. सागाचा, सरळ रेषेचा, एकही गाठ नसलेला तुकडा शोधायला मी पूर्ण सकाळ घालवली. चार बोटं म्हणजे किती, हे मोजायला आईच्या हातावर पट्टी ठेवली. आईची बोटं जन्मभराच्या कामांनी फुगलेली, त्यामुळे तिची चार बोटं माझ्या पाचांना भारी. मी तेच माप घेतलं. मापात मी तडजोड करत नाही.

उंबरठा बसला. बघण्यासारखा बसला, हे मला मान्य करावं लागेल. पॉलिश केल्यावर मी त्यावर लेव्हल पट्टी ठेवली तर पाण्याचा बुडबुडा अगदी मधोमध थांबला. घरातली ती एकमेव वस्तू होती जिच्यावर टिकली लावायला जागा नव्हती. पण उंबरठा सरळ आणि चौकट वाकडी, तेव्हा दार दोघांपैकी कुणाचंच ऐकेना. सुताराने रंधा मारून दार खालून कापलं, ते जरा जास्त कापलं गेलं, मग खाली पट्टी जोडली, ती जाड झाली. शेवटी दार लावायची एक पद्धत आम्हीच शोधून काढली. डाव्या हाताने मूठ वर उचलायची, उजव्या हाताने ओढायचं आणि शेवटी कमरेचा एक धक्का. बायकोला ते पहिल्या दिवशी जमलं. मला अजूनही दुसऱ्या धक्क्याशिवाय जमत नाही. राहिलेलं काम पुढच्या आठवड्यात करतो असं सांगून सुतार आपली करवत, पटाशी आणि हातोडी आमच्याकडे ठेवून गेला. हत्यारं ठेवली म्हणजे माणूस परत येणार, असं मला वाटलं.

याच सुमाराला डॉक्टरांनी आईची काठी काढून तिला वॉकर दिला. माझ्या बहिणीने तो दुकानातून आणला आणि मी उल्हासनगरला गेलो तेव्हा आई त्याच्यावर रेलून खोलीतल्या खोलीत फिरत होती. सपाट फरशी, सपाट गल्ली, ती अगदी सार्वजनिक नळापर्यंत जाऊन यायची. मी वॉकर हातात घेतला. उलटा केला. चारही पाय फरशीवर टेकतात का बघितलं, उंची मापली, एका पायाचं रबर झिजलेलं सापडलं. लगेच दुकानात जाऊन भांडलो आणि ते बदलून आणलं. एवढं सगळं बघितलं. हा वॉकर कुठून कुठे जाणार आहे आणि वाटेत काय आहे, हे मात्र बघितलं नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, माझा तर दिवाच मुळात अंधाराचा असावा.

शेवटी आईला आणायचा दिवस आला. बायको आदल्या दिवसापासून तयारीत होती. दारात रांगोळी, उंबरठ्याला हळदकुंकू, त्यावर तांदळाने भरलेलं माप. ही कल्पना बायकोची. आईंचं माप तेव्हा फरशीवर ठेवलं होतं ना, आता उंबरठ्यावर ठेवू, असं ती म्हणाली आणि मला तिचा फार अभिमान वाटला. मी गाडीने आईला घेऊन आलो. लिफ्टमधून बाहेर येऊन आई वॉकर टेकत दारापाशी आली आणि उंबरठ्याकडे बघून तिचा चेहरा उजळला. तिने वाकायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, म्हणून लांबूनच हात जोडले. बायकोने ओवाळलं. मग आईने वॉकर उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवला आणि उजवा पाय उचलला.

पाय उचललाच गेला नाही. दोन बोटं वर आला आणि थांबला. तिने वॉकर मागे घेतला, श्वास घेतला, पुन्हा पुढे ठेवला. गुडघा वाकेना. पायाचं बोट उंबरठ्याच्या कडेला लागलं आणि ती कळवळली. समोर माझ्या घरातला एकमेव निर्दोष नग होता आणि आई त्याच्या बाहेरच्या बाजूला उभी होती.

आम्ही सगळे उपाय करून बघितले. बायकोने आत एक आणि बाहेर एक पाट ठेवला, पाट डुगडुगायला लागला. मी तिच्या पायाला हात लावून उचलायला गेलो, तिने हात झटकला. समोरच्या फ्लॅटमधले दोघे तरुण गृहस्थ बाहेर आले होते. एकजण म्हणाला की खुर्चीत बसवून आजींना अलगद उचलून आत ठेवू, एका मिनिटाचं काम. मी म्हणालो हो, आणि खुर्ची आणायला वळलो. तेवढ्यात आई बोलली.

"मला उचलायचं नाही. माणसाला उचलून घराबाहेर नेतात. आत नाही नेत."

त्या तरुणाने हात मागे घेतले. आईने खुर्ची मात्र मागून घेतली, बाहेरच, लिफ्टजवळ, आणि त्यावर बसली. मला वाटलं ती आता परत जाऊ म्हणणार. मला खरोखर रडू येत होतं. इतके महिने मी या घरातल्या प्रत्येक फटीवर खूण केली होती आणि आईला मात्र तिच्याच दाराबाहेर बसवलं होतं. तिला तशीच उल्हासनगरला सोडून यावं लागेल, रात्री तिथे ती एकटी असेल, हे डोळ्यांसमोर आलं.

"हत्यारं आहेत ना सुताराची?" आईने विचारलं. "काप."

मी तिला म्हणालो, अगं, हा काढायला नको, पुढच्या महिन्यात रॅम्प करू, सागाचा आहे, तूच सांगितला होतास. ती म्हणाली, सगळा कुठे काढायला सांगते. माझ्या वॉकरपुरता मधला काप. दोन्ही बाजूला राहू दे. उंबरठा मला हवा होता, तो मला मिळाला, आता मला आत जायचंय.

मी करवत घेतली आणि रांगोळीवर गुडघे टेकले. बायकोने माप उचलून कडेला घेतलं. कारखान्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांनी कापलेलं तपासलंय, स्वतः काही कापलेलं नाही, हे करवत हातात घेतल्यावर कळलं. पहिल्याच ओढीला ती सरकली आणि पॉलिशवर लांब ओरखडा गेला. रेघ मारायला मी लेव्हल पट्टी मागितली, तर बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी नुसत्या डोळ्यांनी सुरुवात केली. साग घट्ट, करवत बोथट, आणि मी पहिल्यापासून तिरका जात होतो. आई खुर्चीतून सूचना देत होती, डावीकडे जातोयस, आता उजवीकडे जातोयस. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. समोरच्या फ्लॅटमधून कुणीतरी चहा पाठवला, तो आईला मिळाला. दोन्ही काप फरशीपर्यंत गेल्यावर मी पटाशी लावून हातोडी मारली आणि मधला तुकडा निघून हातात आला. खालच्या फरशीचा कोपरा उडाला तोही माझ्याच हातून. डावा काप खाली आत गेलेला, उजवा नागमोडी. आमच्या कारखान्यात असा नग आला असता तर मी त्याला ठिपका दिला नसता, तो बनवणाऱ्याला दिला असता.

आई उठली. बायकोने तांदळाचं माप कापलेल्या जागेत, फरशीवर ठेवलं. पुन्हा फरशीवरच. आईने ते बघितलं आणि हसली. वॉकर पुढे सरकवला, त्याच्या एका पायाने माप हलकेच कलंडलं, तांदूळ आत पसरले आणि त्यामागून उजवं पाऊल टाकून ती घरात आली. दोन्ही बाजूंना उंबरठ्याची उरलेली टोकं होती. आत गेल्यावर तिने मागे वळून गल्लीकडे बघावं तसं लिफ्टकडे बघितलं आणि म्हणाली, आता कळलं, कुठे बाहेर संपलं ते.

त्याला आता बरेच दिवस झाले. टिकल्या हळूहळू गळून पडल्या, काही केरात गेल्या, काही मी स्वतः काढल्या. आई रोज संध्याकाळी स्टुलावर बसून उंबरठ्याच्या दोन्ही तुकड्यांना हळदकुंकू लावते. कापलेल्या बाजूंना, जिथे माझी करवत नागमोडी गेलीय, तिथे ती कुंकवाचं एकेक मोठं बोट लावते. सुताराची हत्यारं अजून आमच्याकडेच आहेत.

परवा तो सुपरवायझर शेजारच्या फ्लॅटच्या कामाला आला होता. आमच्या दारात थांबला आणि त्याची नजर खाली गेली. लाल रंग बघून त्या बिचाऱ्याने सवयीने मान डोलवली.

"साहेब, हा पीस तुटलाय. तुम्ही लाल मार्क केलंय ना? मी बदलून देतो. मटेरियल आपल्याकडे आहे, उद्याच माणूस पाठवतो."

एवढ्या महिन्यांत त्याने स्वतःहून काही बदलून देतो म्हटलेलं हे पहिलंच. मी त्याला सांगितलं की हे कुंकू आहे. त्याला ते फारसं पटलं नाही. तो खाली बसून त्या नागमोडी कापावरून हात फिरवायला लागला आणि म्हणाला, पण फिनिशिंग फारच खराब आहे साहेब, कुणी केलंय हे काम?

"राहू द्या," मी म्हणालो. "एक पावसाळा जाऊ द्या. सेट होईल."

आतून आईने विचारलं, कोण आलंय, आणि तिच्या खोलीतून वॉकरची टकटक दाराकडे यायला लागली.